नदी खोकत नाही

एकतीस वर्षं मी रंगमंचाच्या पोटातल्या खोक्यात बसले,
गुडघे हनुवटीशी,
आणि पडदा वर जाताना
नटांचे बूट सगळ्यांत आधी वाचले.
कोण घाबरलंय ते टाचांवरून कळतं.

आता ग्लेब म्हणतो, कापितोलिना साविश्ना,
सिनेमात प्रॉम्प्टर नसतो,
पण तुम्ही या. तुमची ती वही घेऊन या.
वही म्हणजे नाटकाची प्रत,
माझ्याआधीच्या तिघींच्या शिसपेन्सिलींनी काळवंडलेली:
इथे श्वास. इथे थांब, चारपर्यंत मोज.
सत्तेचाळीस सालच्या हिवाळ्यात, समासात, नुसतंच
"भूक".

पहिल्याच दिवशी त्यानं दोन अंक कापले.
चांगले कापले, खोटं कशाला बोलू.
"समोवार निवत चाललाय" हे वाक्य गेलं,
समोवार राहिला.
"तुझे केस पिकले, प्रोखोर" गेलं,
आणि प्रोखोरचे केस एकेक करून दिसले.
जे दिसतं ते बोलायचं नाही, असा त्याचा नियम.
मी फुल्या मारत गेले.
हात थोडा जड झाला, एवढंच.

मग आलं शेवटचं, धक्क्यावरचं.
विधवा घर विकते, किल्ल्या भावाच्या हातात ठेवते,
पुढे येते आणि नदीला म्हणते,
"किती रुंद आहेस गं. पलीकडचं काहीच दिसत नाही."
तोत्माच्या थिएटरात नदी कुठून आणणार?
आम्ही पिढ्यान्‌पिढ्या प्रेक्षकांनाच नदी म्हणत आलो.
अंधारात ओल्या कोटांचा वास,
गोळीचा कागद उलगडल्याची चुरचुर,
बाल्कनीत कुणाचं तरी किरकिरणारं पोर.
त्या सगळ्याकडे बघून म्हणायचं: किती रुंद.

ग्लेबकडे खरी सुखोना होती.
मार्च सरत आलेला, मधे काळं पाणी,
काठाचा बर्फ चौकटीबाहेर ठेवलेला,
कारण नाटकात ऑगस्ट.
वाफ दिसू नये म्हणून अग्निया लव्होव्नानं
तोंडात बर्फाचा खडा धरला,
इशारा झाला तसा थुंकला,
सुती झग्यात काठापर्यंत चालत गेली,
नदीकडे पाहिलं
आणि गप्प.

पुन्हा. सहाव्यांदा. खडे संपत आले.
वाक्य आठवत नव्हतं असं नाही.
तापात म्हटलंय तिनं ते, बाळंतपणानंतर अकराव्या दिवशी,
नवरा गेला त्या संध्याकाळी.
नवव्या खेपेला माझ्याकडे वळली, ओठ निळे:
"कापा, पलीकडचं दिसतंय गं.
कुंपण दिसतंय. एक बाई गालिचा झटकतेय.
आणि ही नदी खोकत नाही."

ग्लेब तरुण आहे, मूर्ख नाही.
टोपी काढली, परत घातली.
मग ड्रायव्हर, दिवेवाले, स्वयंपाकी,
धक्क्यावर बघायला जमलेले रिकामटेकडे,
सगळ्यांना कॅमेऱ्यामागे उभं केलं.
काही करू नका म्हणाला, नुसते असा.
तिला आमच्याकडे वळवलं, नदी तिच्या पाठीशी.
कुणीतरी खोकलं, बहुतेक स्वयंपाकी.

तिनं आम्हाला पाहिलं. मी चार मोजले.
पाच. सात.
आणि सवय मेली मरत नाही,
माझे ओठ हलले: "किती रुंद..."
तिला ऐकू गेलं. डोळ्यांवरून कळलं मला.
एकतीस वर्षांत पहिल्यांदाच तिनं
मी दिलेला शब्द घेतला नाही.

रात्री उल्यानानं माझ्या कानांवर हेडफोन चढवले.
वारा, एक कावळा, खोकला,
आणि खूप आत, कुणी भिंतीपलीकडून बोलावं तशी, मी.
"पुसून टाकू?" तिनं विचारलं.
मी म्हटलं, ग्लेबला विचार.
तो काय म्हणाला, मला अजून माहीत नाही.

खोलीवर येऊन वही उघडली.
त्या वाक्यावर फुली मारली नाही.
शेजारी, तिघींच्या अक्षरांत जागा शोधत,
पुढे येणाऱ्या कुणासाठी लिहिलं:
इथे आधी बर्फ थुंक.